अर्ध्या सेकंदाचा करंट

पक्षाघातानंतर हातापायांत जे परत येते, त्यातले बरेचसे पहिल्या तीन-चार महिन्यांत येते. पुढे सुधारणा मंदावते आणि वर्ष उलटले की 'आता आहे एवढेच' असे म्हणून घरचेही आशा सोडतात. एप्रिल २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका चाचणीने या समजुतीला धक्का दिला. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १९ केंद्रांत १०८ रुग्ण घेतले होते. अट अशी, की पक्षाघाताला नऊ महिने ते दहा वर्षे झालेली असावीत आणि एक हात अधू राहिलेला असावा.

मेंदूला हात न लावता सगळ्यांच्या मानेतल्या डाव्या व्हेगस नसेभोवती तार गुंडाळली गेली आणि छातीच्या कातडीखाली छोटे यंत्र बसवले गेले. व्हेगस ही मेंदूपासून थेट पोटापर्यंत उतरणारी नस. अपस्मारासाठी तिला करंट देण्याचा उपचार अमेरिकेत १९९७ पासून मान्य आहे. इथे मात्र करंटची वेळ निराळी. रुग्ण डबा उचलतो, झाकण फिरवतो. हालचाल होते त्याच क्षणी थेरपिस्ट बटण दाबतो आणि नसेला अर्धा सेकंद ०.८ मिलिअँपियर करंट मिळतो. सहा आठवडे हेच, एकेका बैठकीत शेकडो वेळा.

वेळेला एवढे महत्त्व का? नसेतून गेलेला संदेश मेंदूच्या बुंध्यापाशी पोहोचला की नॉरअ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅसिटिलकोलिन अशी रसायने मेंदूभर पसरतात. 'आत्ता केलेस ते लक्षात ठेव' असा जणू तो निरोप असतो. त्या घडीला कामात असलेल्या पेशींचे दुवे पक्के होतात. मेलेल्या पेशी काही जिवंत होत नाहीत. वाचलेल्या पेशी त्यांचे काम शिकतात. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत मायकेल किलगार्ड यांच्या गटाने हे आधी उंदरांवर तपासले होते. व्यायामाशी वेळ जुळली तरच पुरेपूर फायदा दिसला.

चाचणीतल्या निम्म्या रुग्णांना खरा करंट नव्हताच. व्यायाम मात्र तोच, तेवढाच. सहा आठवड्यांनी हाताच्या ६६ गुणांच्या मोजपट्टीवर खऱ्या करंटवाल्यांचे सरासरी ५ गुण वाढले, इतरांचे २.४. त्यानंतर ९० दिवसांनी ठळक सुधारणा दिसली ती अनुक्रमे ४७ आणि २४ टक्के रुग्णांत. पाच गुणांनी कोणी तबला वाजवू लागत नाही, पण कपडे घालताना त्या हाताची मदत होऊ शकते. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्राला मान्यता दिली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. निम्म्याहून अधिक जणांना करंट घेऊनही तेवढा लाभ झाला नाही. शिवाय शस्त्रक्रिया आली, खर्च आला, आवाज बसण्यासारखे त्रास आले. याआधी मेंदूच्या पृष्ठभागावर तारा ठेवून करंट देण्याचा 'एव्हरेस्ट' नावाचा प्रयोग झाला होता. प्राण्यांत उत्तम ठरलेली ती पद्धत माणसांच्या मोठ्या चाचणीत उद्दिष्ट गाठू शकली नाही. कवटीवर पट्टी बांधून सौम्य करंट देणाऱ्या यंत्रांचे निष्कर्षही उलटसुलट आहेत. तरी अशी यंत्रे ऑनलाइन सर्रास विकली जातात.

म्हणून 'करंटने लकवा बरा करतो' असे कोणी सांगितले, तर करंटबरोबर व्यायाम कोणता, कोण करून घेणार आणि किती आठवडे, एवढे आधी विचारा. उत्तर मिळाले नाही, तर ते पैसे चांगल्या फिजिओथेरपिस्टला द्या.