प्रवास गणपतीचा, धाक लघवीचा

श्रावण संपत आला की मुंबई-ठाण्यातल्या कोकणी घरांत गावच्या तिकिटांची बोलणी सुरू होतात. कुणाचे रेल्वेचे तिकीट पक्के झालेले असते, कुणाचे प्रतीक्षायादीत अडकलेले, कुणी शेजाऱ्यांबरोबर मिळून एसटी ठरवलेली. या गडबडीत घरातली साठीची एखादी बाई हळूच म्हणते, ‘यंदा तुम्हीच जाऊन या. माझे गुडघे फार दुखतात.’ गुडघे दुखतातही, पण खरे कारण ते नसते. खोकला आला, जोरात हसू आले की तिला लघवीचे थेंब जातात. गाडी माणगावच्या कोंडीत दोन-तीन तास अडकली तर काय करायचे, हा तिचा धाक असतो. मागच्या वर्षी गौरीच्या रात्री फुगडी घालताना साडी ओली झाली होती आणि पाय मुरगळल्याचे सांगून ती बाजूला जाऊन बसली होती, हे फक्त तिलाच ठाऊक असते.

याहून टोचणारी गोष्ट म्हणजे सोवळे. कपड्याला थेंब लागला असेल तर नैवेद्याचे मोदक कसे वळायचे, पूजेच्या तयारीला हात कसा लावायचा, असे तिला वाटते. तीस वर्षे जिच्या हातच्या मोदकांची वाट पाहिली जायची ती बाई स्वयंपाकघराच्या दारात बसून नारळ खवून देते आणि ‘आता सुनांनी शिकायला हवे’ म्हणते. घरच्यांना वाटते, आई थकली. डॉक्टरांकडे ती याच वर्षात तीनदा गेलेली असते; रक्तदाबासाठी, गुडघ्यांसाठी आणि झोपेसाठी. लघवीचा विषय मात्र ती काढत नाही, आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

‘वय झाले की असे व्हायचेच’ हे वाक्य बायका एकमेकींना सांगतात आणि काही वेळा डॉक्टरही सांगतात. ते चुकीचे आहे. वयाबरोबर हा त्रास वाढतो हे खरे, पण तो सोसण्याचा विषय नाही. बहुतेकांचा त्रास उपचाराने कमी होतो, अनेकांचा जवळजवळ थांबतो. त्यासाठी लघवी नेमकी केव्हा गळते एवढे आधी पाहावे लागते.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. 150 ते 200 मिलिलिटर झाली की पहिली जाणीव होते, पण माणूस ती सहज बाजूला सारतो. मूत्राशय भरत असताना त्याच्या भिंतीचा स्नायू सैल राहतो आणि तोंडाशी असलेली झडप, तसेच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले राहतात. बाळंतपणे, वाढलेले वजन, वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठता, पाळी गेल्यानंतरचे बदल यांमुळे तळाचे स्नायू आणि त्यांचा आधार सैल पडला की पोटावर दाब येताच लघवी निसटते. खोकताना, शिंकताना, पाण्याची कळशी उचलताना, फुगडी घालताना जे होते ते हे. दुसऱ्या प्रकारात झडप ठीक असते, पण मूत्राशय अवेळी आकुंचन पावते. एकदम घाई होते आणि न्हाणीघरापर्यंत पोचेपर्यंत धीर निघत नाही. नळाचे पाणी वाहताना ऐकले किंवा दाराच्या कुलपाला किल्ली लावली की अशी घाई उसळते, हे अनेकजणी सांगतात. पुष्कळ स्त्रियांमध्ये दोन्ही प्रकार एकत्र असतात.

तिसरा प्रकार पुरुषांमध्ये जास्त दिसतो. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, शिल्लक साचत जाते आणि भरलेल्या माठासारखी वरून थेंब थेंब गळत राहते. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांमध्ये मूत्राशयाच्या नसा मंदावल्यानेही असे होते. अशा माणसाला ‘गळते म्हणजे लघवी साफ होते’ असे वाटते, प्रत्यक्षात उलटे असते.

प्रवासाला निघताना बहुतेकजणी पहिला उपाय करतात तो पाणी बंद करण्याचा. आदल्या रात्रीपासून घोटभरही नाही. याचा फायदा वाटतो तेवढा होत नाही. पाणी कमी पडले की लघवी गडद आणि तीव्र होते, ती मूत्राशयाला चुरचुरते आणि घाई उलट वाढते. बद्धकोष्ठता होते, आणि फुगलेले आतडे मूत्राशयावर दाबत राहते. जंतुसंसर्गालाही वाव मिळतो. सणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ, असे दुखणे घेऊन गावच्या आरोग्य केंद्रात येणाऱ्या पाहुण्यांमध्ये प्रवासात पाणी न प्यायलेल्या बायका असतात. दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी थोडे थोडे करून प्यावे. एका वेळी तांब्याभर पिण्यापेक्षा दर अर्ध्या-पाऊण तासाने काही घोट घ्यावेत. निघण्याआधीच्या तासा-दीड तासात कमी घेतले तर चालते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिले असेल, तर तेच माप पाळावे. कमी करायचाच असेल तर चहा करावा. प्रत्येक थांब्यावर चहा ही आपली सवय; चहा-कॉफीतले कॅफीन घाई वाढवते. कोल्ड्रिंकांचेही तेच.

निघताना एकदा लघवीला जाऊन यावे. उठून मिनिटभर थांबावे आणि पुन्हा बसून पाहावे. उरलेली थोडी बाहेर येते. मात्र घरी असताना ‘असू दे, जाऊन येते’ म्हणत दर अर्ध्या तासाने जाण्याची सवय वाईट. मूत्राशय थोड्या लघवीवरच हाक मारायला शिकते.

स्वतःची गाडी असेल तर दर दोन-अडीच तासांनी कुठे थांबायचे हे घरूनच ठरवावे. ते सर्वांसाठी ठरवावे, आईसाठी म्हणून नव्हे. ‘आजीला जायचंय, थांबवा’ अशी आरोळी गाडीत एकदा झाली की आजी पुढच्या वेळी बोलत नाही. रेल्वेत शौचालय हाताशी असते, म्हणून हा त्रास असणाऱ्यांना रेल्वे बरी. खालची आणि डब्याच्या टोकाजवळची जागा मागून घ्यावी. एसटीने जायचे तर गाडी कुठल्या स्थानकांवर किती वेळ थांबेल हे वाहकाला आधी विचारून ठेवावे. 2023च्या मार्चपासून स्त्रियांना एसटीचे तिकीट अर्धे झाले आणि प्रवास वाढला. स्थानकावरची स्वच्छतागृहे त्या मानाने सुधारलेली नाहीत. मुंबईत 2011 साली स्त्रियांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली, तेव्हाचा एक मुद्दा अगदी साधा होता: पुरुषांना जे फुकट, त्याचे बायकांना पैसे का? पैसे देऊनही पुष्कळ ठिकाणी जागा अशी असते की बाई टेकत नाही, अर्धवट वाकून उभ्यानेच उरकते. तशा स्थितीत तळाचे स्नायू सैल होत नाहीत आणि लघवी मागे राहते. भारतीय पद्धतीचे शौचकूप असेल तर पूर्ण बसावे. कमोड असेल तर बरोबर आणलेला कागद पसरून टेकून बसावे.

पॅडबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पाळीचे पॅड लघवीसाठी वापरले जाते. ते हळूहळू येणाऱ्या, दाट रक्तस्रावासाठी बनवलेले असते. लघवी पातळ असते आणि एकदम येते, त्यामुळे ती कडेने बाहेर येते आणि पॅड ओले राहून त्वचा सोलवटते. लघवीसाठीची वेगळी पॅड औषधांच्या दुकानात मिळतात. त्यात ओल शोषून जेलीसारखी धरून ठेवणारा पदार्थ असतो आणि वासही कमी येतो. गळती जास्त असेल तर चड्डीसारखे घालायचे डायपर मिळते. विकत आणून थेट प्रवासात वापरू नये. दोन दिवस घरात घालून पाहावे, म्हणजे किती वेळ पुरते याचा अंदाज येतो आणि मनातली भीतीही जाते. ओले झाले की बदलावे, त्या जागी साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडे करावे आणि पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात लावावा. जाड थर दिला तर पॅड शोषत नाही. पावडर नको, तिचे ओलीत गोळे होतात. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावे. रेल्वेच्या जैवशौचालयात टाकले तर ते तुंबते आणि मागून येणाऱ्या सगळ्यांचीच पंचाईत होते. बदलायचे कपडे हातातल्या पिशवीत हवेत; डिकीतल्या बॅगेत ठेवलेल्या साडीचा कोंडीत उपयोग नाही.

एकदम घाई आली तर धावू नये. धावताना पोटावर दाब येतो आणि उरलासुरला धीर सुटतो. जागीच थांबावे, शक्य तर बसावे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडावेत, मनात उलटे आकडे मोजावेत. घाईची लाट ओसरते. ती ओसरल्यावर चालत जावे. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच, आणि जड काही उचलण्याआधी, हेच स्नायू आवळून धरावेत. एवढ्या साध्या युक्तीने काहीजणींची गळती तिथल्या तिथे कमी होते.

औषधांकडे मात्र नीट पाहायला हवे. रक्तदाबासाठी किंवा पायांवरच्या सुजेसाठी दिलेली ‘पाण्याची गोळी’ यात येते. फ्रुसेमाइड घेतल्यावर तासाभरात लघवी वाढते आणि सुमारे सहा तास वाढलेली राहते. सकाळी सहाला गोळी आणि सातला गाडी म्हणजे त्रास ओढवून घेणे. गोळी मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि लघवी वाढवतात.

आजोबांचा धोका वेगळा आहे. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने सर्दीची गोळी किंवा गाडी लागू नये म्हणून मिळणारी गोळी घेतली की मूत्राशयाचा जोर कमी पडतो, काही औषधांनी तोंड अधिक आवळते आणि लघवी पूर्ण अडू शकते. त्यात संकोचाने चार-पाच तास धरून ठेवलेली असते. पोट फुगून तडस लागते आणि रात्री-अपरात्री रुग्णालयात नळी घालावी लागते. ओळखीच्या दुकानदाराने दिलेली गोळीही अशी असू शकते. ज्यांची धार बारीक झाली आहे, जोर करावा लागतो, त्यांनी सणाआधीच तपासून घ्यावे.

गावच्या घरात पोचल्यावर रात्रीचा प्रश्न उरतो. अनेक घरांत न्हाणीघर मागच्या पडवीच्या टोकाला किंवा परसात असते. भाद्रपदातला पाऊस, शेवाळलेला चिरा आणि अंधार. घाईत उठलेले वयस्क माणूस तिथे घसरते आणि खुब्याचे हाड मोडते. त्यांचे अंथरूण माजघरात, सगळ्यांच्या मधोमध न घालता दाराजवळ घालावे. वाटेवर दिवा चालू ठेवावा, उशाशी विजेरी द्यावी. प्लास्टिकचे लघवीचे भांडे किंवा खुर्चीसारखा कमोड विकत मिळतो, चार दिवसांसाठी तो आणण्यात कमीपणा नाही. यजमानाने हे न विचारता, न बोलता केले तर पाहुणा निवांत झोपतो. सोवळ्याबाबत तर घरातल्या कर्त्या माणसानेच म्हणावे, ‘काकू, आंघोळ करून या, मोदक तुम्हीच वळा.’ कोरडे पॅड घातलेल्या बाईच्या हातचा मोदक तसाच असतो.

हे झाले सणापुरते. उपचारासाठी पहिल्यांदा लागतात त्या साध्या गोष्टी: लघवीची तपासणी, रक्तातली साखर, लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहते हे पाहणारी सोनोग्राफी. तीन दिवस किती वाजता गेलो, किती झाली, केव्हा गळाली याची वहीत नोंद नेली तर डॉक्टरांचे अर्धे काम होते. स्त्रियांच्या बाबतीत अंग खाली येत आहे का, हेही तपासावे लागते. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी गळती कमी होते. पाळी गेलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीमार्गात लावायचे मलम घाईच्या त्रासाला उपयोगी पडते. घाईसाठी गोळ्याही आहेत. त्यांतल्या काहींनी वयस्कांना विसराळूपणा, गोंधळ होतो, म्हणून त्या निवडून द्याव्या लागतात. व्यायामाने भागले नाही तर शस्त्रक्रिया आहे. अवघड बाळंतपणानंतर किंवा गर्भाशय काढल्यानंतर रात्रंदिवस सतत गळत असेल, तर मूत्राशयाला भोक पडलेले असू शकते. ते शस्त्रक्रियेनेच बरे होते आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे. लघवीतून रक्त, लघवी पूर्ण अडणे, थंडी वाजून ताप, किंवा कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडून जांघेत बधिरपणा आला तर गौरी-विसर्जनाचीही वाट पाहू नये.

सगळ्यात जास्त उपयोगाचा आणि फुकटचा उपाय व्यायामाचा. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली तो मांडला. लघवी आणि वायू दोन्ही एकदम रोखून धरावेत तसे तळाचे स्नायू आत-वर ओढायचे, पाच सेकंद धरायचे, तितकाच वेळ सोडायचे. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यायचे. एका वेळी आठ-दहादा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत. लघवी करताना मध्येच धार तोडत बसायचे नाही. जमते की नाही हे कळत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट तपासून दाखवतात. फरक जाणवायला साधारण तीन महिने लागतात. या गणपतीला तो पुरणार नाही, प्रवास पॅडवर आणि ठरवलेल्या थांब्यांवरच करावा लागेल. पण आज सुरू केले तर मार्गशीर्षातल्या गुरुवारांपर्यंत खोकताना पदर सावरायची वेळ कमी येईल, आणि पुढच्या गौरींना फुगडी.