गुंतागुंतीच्या संवादी सॉफ्टवेअरची निर्मिती : वेब फ्रेमवर्क आणि डेस्कटॉप उपयोजने

प्रस्तावना :
आराखडे काढणे, चित्रसंपादन करणे किंवा प्रयोगाचे प्रतिरूप पडद्यावर हाताळणे, अशा कामांसाठी लागणारे सॉफ्टवेअर वापरकर्त्याच्या प्रत्येक कृतीला तत्काळ प्रतिसाद देणारे असावे लागते. ते ब्राउझरमध्ये चालवावे की संगणकावर स्थापित करावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. प्रयोगशाळेचा खर्च, सातत्य आणि माहितीची मालकी या बाबी त्याच्याशी निगडित आहेत.

डेस्कटॉप उपयोजने :
या उपयोजनांना संगणकाची स्मृती, फायली व प्रक्रियक यांचा थेट वापर करता येतो आणि इंटरनेट खंडित झाले तरी काम थांबत नाही. मात्र प्रत्येक संगणकावर स्वतंत्र स्थापना व अद्ययावतीकरण करावे लागते, तसेच कार्यप्रणालीनुसार वेगळी आवृत्ती तयार करावी लागते.

वेब फ्रेमवर्क :
ब्राउझर मुळात दस्तऐवज दाखवण्यासाठी निर्माण झाला. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यानंतर त्याच्या संवादी क्षमतेची व्यापक जाणीव झाली. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्टसारख्या साधनांमुळे माहिती बदलताच पडद्याचा केवळ संबंधित भाग बदलणे सोपे झाले. सर्व्हरवर एकदा केलेली सुधारणा सर्वांपर्यंत पोहोचते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

मर्यादा व समन्वय :
पडदा सेकंदाला ६० वेळा रेखाटायचा असल्यास प्रत्येक वेळी सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टची गणना आणि पृष्ठाची मांडणी प्रामुख्याने एकाच धाग्यावर होत असल्याने दीर्घ गणनेमुळे पडदा अडखळतो. हजारो रेषा पृष्ठाचे स्वतंत्र घटक म्हणून मांडल्यासही वेग घटतो. म्हणून अशा सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमवर्कचे कार्य मेनू व चौकटींपुरते मर्यादित ठेवून रेखाटन वेबजीएलकडे आणि जड गणना वेबअसेंब्लीकडे सोपवली जाते. १९८२ मध्ये डेस्कटॉपसाठी आलेल्या ऑटोकॅडचा सी++ भाषेतील मूळ गाभा २०१८ मध्ये याच मार्गाने ब्राउझरमध्ये आणण्यात आला. उलटपक्षी, २०१५ मध्ये आलेले व्हिज्युअल स्टुडिओ कोड वेब तंत्रज्ञानाने घडवलेले असूनही इलेक्ट्रॉनच्या साहाय्याने डेस्कटॉपवर चालते. मात्र त्यासाठी ब्राउझरचे इंजिन सोबत बाळगावे लागत असल्याने स्मृती अधिक खर्च होते.

निष्कर्ष :
दोन्ही पद्धतींमधील सीमारेषा आता पुसट झाली आहे. त्यामुळे निवडीचा निकष तंत्रज्ञानाची नवलाई हा नसून कामाचे स्वरूप हा असावा. अनेकांनी एकाच वेळी करावयाच्या कामासाठी वेब सोयीचे ठरते. मोठ्या फायली, जड गणना वा जोडलेली प्रयोगोपकरणे असतील तेथे डेस्कटॉप अधिक भरवशाचा ठरतो. कोणतीही पद्धत स्वीकारली तरी दोन गोष्टींची खातरजमा आवश्यक आहे : जोडणी तुटल्यास विद्यार्थ्याचे काम सुरक्षित राहते काय, आणि सेवा बंद पडल्यास ते अन्यत्र उघडता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येते काय. याची उत्तरे खरेदीपूर्वीच मिळवणे संस्थेच्या हिताचे आहे.