युद्धविराम राखतो कोण? मिंडानाओच्या गावकऱ्यांची हकीकत

युद्ध सुरू झाले की बातमी पहिल्या पानावर येते. युद्धविराम झाला की तीही येते. नेत्यांच्या सह्या, हस्तांदोलन, फोटो. त्यानंतर बातमी संपते. पण ज्या गावावरून गोळ्या जात होत्या, त्या गावातल्या बाईचा सवाल तिथून सुरू होतो. उद्या शेतावर जाऊ का? मुलांना शाळेत पाठवू का? सही राजधानीत झाली. तिचा भरवसा गावात कोण देणार?

या सवालाचे एक चांगले उत्तर फिलिपिन्सच्या दक्षिण टोकाला, मिंडानाओ बेटावर सापडते. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत फिलिपिन्सचे नाव आखातात नोकरीला गेलेल्या माणसांकडून ऐकू येते. दवाखान्यातली नर्स फिलिपिनो, दुकानातला सोबती फिलिपिनो. या बहुसंख्य ख्रिस्ती देशात मुसलमानांचाही एक जुना मुलूख आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

मोरो म्हणजे कोण?

स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात या बेटांवर आले, त्याच्या कितीतरी आधी इस्लाम तेथे पोहोचला होता. सुलू आणि मागिंदानाओ येथे सुलतानांची राज्ये होती. स्पेनमध्ये मुसलमानांना ‘मोरो’ म्हणत, तेच नाव स्पॅनिशांनी यांनाही लावले. पुढे त्याच नावाला लोकांनी आपली ओळख बनवले. आज ते स्वतःला बांगसामोरो, म्हणजे मोरो कौम, म्हणवतात.

अमेरिकी अमलात आणि नंतरही उत्तरेकडील ख्रिस्ती शेतकऱ्यांना मिंडानाओत वसवले गेले. काही दशकांत मुसलमान आपल्याच बेटावर अल्पसंख्य झाले. जमिनीचे तंटे वाढले. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि सशस्त्र लढा पेटला. आधी नूर मिसुआरी यांची मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंट लढत होती. तिच्यातून फुटून हाशिम सलामत यांनी मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट उभी केली. या संघर्षात सुमारे १,२०,००० माणसे दगावली, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. यात किल्ले जिंकणारे थोडे आणि भातशेतीवाले, कोळी, बाया-पोरे जास्त.

कागदावरचा विराम

जुलै १९९७ मध्ये सरकार आणि इस्लामिक फ्रंट यांच्यात युद्धविराम झाला. दोन्हीकडच्या समित्याही बनल्या. तरी २००० साली राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडा यांनी सर्वंकष युद्ध पुकारले आणि फ्रंटचा मुख्य तळ कॅम्प अबूबकर लष्कराने घेतला. लाखो लोक घर सोडून पळाले. २००१ मध्ये पुन्हा करार झाला. फेब्रुवारी २००३ मध्ये बकरीदच्याच दिवशी पिकित भागातील बुलिओकवर लष्कराने चढाई केली. पुन्हा लाखो बेघर.

तेथे अशा बेघरांना ‘बाकविट’ म्हणतात. इंग्रजीतल्या गाव रिकामे करण्याच्या शब्दाचा तो स्थानिक अपभ्रंश. एखाद्या संकटासाठी लोकांनी आपल्या बोलीत शब्द घडवावा, यावरूनच ते संकट किती वेळा आले असेल ते समजते. पिकितमधल्या कित्येक कुटुंबांनी १९९७ ते २००३ या सहा-सात वर्षांत तीन-चार वेळा घर सोडले. शाळेचे वर्ष दर वेळी बुडाले. आम्ही शिक्षक मंडळी वर्ष बुडणे म्हणजे काय ते जाणतो. एकदा सुटलेले पोर पुन्हा वर्गात बसवणे किती कठीण जाते!

विराम वारंवार का मोडत होता? दोन्ही बाजू शांततेच्या शत्रू होत्या, हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. एक कारण असे की कोणी काय केले हे ठरवणारे तिसरे कोणी नव्हते. लष्कर म्हणे, त्यांनी आधी गोळी झाडली. फ्रंट म्हणे, त्यांची तुकडी आमच्या हद्दीत घुसली. दुसरे कारण तेथील खानदानी वैरे. त्यांना ‘रिदो’ म्हणतात. एशिया फाउंडेशनने करवून घेतलेल्या अभ्यासात १९३० च्या दशकापासून २००५ पर्यंत अशी १,२६६ वैरे नोंदली गेली आणि त्यांत ५,५०० हून अधिक माणसे मेलेली आढळली. जमिनीच्या बांधावरून दोन घराण्यांत गोळीबार व्हायचा. एका घराण्याचा भाऊबंद फ्रंटमध्ये, दुसऱ्याचा सरकारी निमलष्करी दलात. दोघेही आपापल्या माणसांना हाक मारायचे आणि संध्याकाळपर्यंत घरगुती तंट्याचे युद्ध व्हायचे.

पहारा बसला तो गावकऱ्यांचा

याच काळात मिंडानाओ पीपल्स कॉकस या लोकसंघटनेने ‘बांताय सीझफायर’ सुरू केले. बांताय म्हणजे पहारा. मुसलमान, ख्रिस्ती आणि लुमाद, म्हणजे तेथील आदिवासी, असे तिन्ही समाजांचे स्वयंसेवक त्यात आले. कोणाकडे बंदूक नाही, गणवेश नाही. हातात वही आणि मोबाइल.

काम ऐकायला साधे आहे. कोठे गोळीबार ऐकू आला, फौजेची हालचाल दिसली, लोक गाठोडी बांधू लागले, की जवळच्या स्वयंसेवकाने लगेच एसएमएस करायचा. मग तिघे-चौघे तेथे जाणार. किती वाजता आवाज आला, कोणत्या बाजूने, कोणी पाहिले, किती घरे रिकामी झाली, जखमी किती, हे लिहून घेणार. सांगणारा प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो की ऐकीव, हे वेगळे नोंदवणार. लष्कराच्या अधिकाऱ्याचे ऐकणार आणि फ्रंटच्या कमांडरचेही. नंतर हा अहवाल दोन्ही बाजूंच्या युद्धविराम समित्यांकडे जाणार.

यातली मेख अशी की स्वयंसेवक त्याच मातीतला असतो. त्याला ठाऊक असते की अमक्या वाडीतला गोळीबार हा फ्रंटचा हल्ला नसून दोन चुलत घराण्यांचे भांडण आहे. ही एक गोष्ट वेळेवर कळली तर लष्कराची तुकडी छावणीतच थांबते. उशिरा कळली तर तोफा लागतात. एका खऱ्या खबरीने हजारो माणसांची रात्र वाचते आणि एका खोट्या अफवेने तितकीच उघड्यावर पडते.

बेघरांनीही हात बांधून वाट पाहिली नाही. जून २००३ मध्ये पिकितचे हजारो बाकविट महामार्गाच्या कडेला येऊन उभे राहिले. मागणी एकच, लढाई थांबवा आणि आम्हाला घरी जाऊ द्या. त्याच पिकितमध्ये पाद्री रॉबर्टो लेसन आणि गावोगावचे मुसलमान, ख्रिस्ती, लुमाद वडीलधारे यांनी मिळून सात गावांना ‘शांततेची जागा’ म्हणून जाहीर केले. गावकऱ्यांनी लष्कराला सांगितले आणि फ्रंटलाही सांगितले: तुमची लढाई आमच्या अंगणात नको.

बाहेरचे साक्षीदार

गावकऱ्यांचा पहारा मोलाचा, पण त्याच्या अहवालाला वजन यायला बाहेरचा साक्षीदारही लागतो. ऑक्टोबर २००४ मध्ये मलेशियाच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय निरीक्षण पथक कोताबातो शहरात दाखल झाले. मलेशियासोबत ब्रुनेई आणि लिबिया होते. पुढे जपान, नॉर्वे, युरोपीय संघ, इंडोनेशिया असे देश जोडले गेले. पथकातल्या फौजी अधिकाऱ्यांजवळही शस्त्रे नव्हती. त्यांचे काम पाहणे, पडताळणे आणि कळवणे.

परिणाम आकड्यांत दिसला. २००३ साली दोन्ही फौजांत पाचशेहून अधिक चकमकी नोंदल्या गेल्या होत्या. २००४ नंतरच्या तीन-चार वर्षांत त्या वर्षाला वीसच्याही खाली आल्या. सगळे श्रेय पथकाचे नव्हे. दोन्ही बाजूंना बोलणीही हवी होती. पण कोणीतरी पाहते आहे ही जाणीव बंदूकवाल्याचा हात आखडता करते, हे खरे.

२००८ चा धडा

निरीक्षक गोळी अडवू शकत नाही, हेही पुढे दिसले. ५ ऑगस्ट २००८ रोजी क्वालालंपूरमध्ये वडिलोपार्जित जमिनीविषयीच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. आदल्या दिवशी फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ऑक्टोबरमध्ये तो मसुदा घटनाबाह्य ठरवला. फ्रंटच्या काही कमांडरांनी ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले केले. लष्कराने प्रतिहल्ले केले. सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. जगात त्या वर्षीचे हे सर्वांत मोठे नवे विस्थापन मानले गेले. भरीला निरीक्षण पथकही नोव्हेंबरअखेर परत गेले आणि ऐन गरजेच्या वेळी पाहणारे डोळे कमी झाले. त्या काळात गावोगाव फिरून नोंदी ठेवणारे उरले ते बांताय सीझफायरसारखे स्थानिक लोक.

यातून एक नवी गोष्ट निघाली. तोवर निरीक्षण म्हणजे कोणाच्या फौजेने रेषा ओलांडली, एवढेच. सामान्य माणसाचे घर जळले, शाळेत तुकडी उतरली, मदतीचा तांदूळ अडवला गेला, याचा हिशेब कोण मागणार? २७ ऑक्टोबर २००९ रोजी सरकार आणि फ्रंट यांनी निरीक्षण पथकात नागरिक-संरक्षणाचा वेगळा विभाग असावा असा करार केला. नागरिकांवर, त्यांच्या मालमत्तेवर, शाळा, दवाखाने आणि प्रार्थनास्थळांवर हल्ला करणार नाही, असे दोघांनी लिहून दिले. या विभागाचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि ते नागरी संस्थांकडे सोपवण्यात आले. त्यात आंतरराष्ट्रीय नॉनव्हायोलंट पीसफोर्स होती, तशाच मिंडानाओच्या स्थानिक संघटनाही होत्या.

पीपल्स कॉकसने त्याच वर्षी केवळ स्त्रियांचे एक पथक उतरवले. त्याचे कारण घरसंसार चालवणाऱ्या आपल्या वाचकभगिनी लगेच ओळखतील. छावणीतली बाई परक्या पुरुषापुढे सगळे सांगत नाही. रात्री संडासला जाताना भीती वाटते, बाळंतपणाची सोय नाही, मुलीला त्रास दिला गेला, या गोष्टी ती बाईलाच सांगेल. जे सांगितलेच जात नाही ते अहवालात येत नाही, आणि अहवालात नसलेल्या दुःखावर इलाजही होत नाही.

मामासापानो आणि मारावी

२७ मार्च २०१४ रोजी सर्वसमावेशक शांतता करार झाला. सरकारतर्फे मुख्य वाटाघाटकार म्हणून सही करणाऱ्या मिरियम कोरोनेल-फेरर या स्त्री होत्या. दहा महिन्यांतच कसोटी लागली. २५ जानेवारी २०१५ च्या पहाटे पोलिसांचे विशेष दल एका फरारी मलेशियन अतिरेक्याला पकडण्यासाठी मामासापानोत शिरले. युद्धविराम समितीला आगाऊ कळवलेच नव्हते. फ्रंटची गावे जागी झाली, गोळीबार जुंपला. ४४ पोलीस, फ्रंटचे अनेक लढवय्ये आणि काही गावकरी मारले गेले. समित्यांची आणि निरीक्षण पथकाची माणसे लढाई थांबवण्यासाठी तिथवर गेली. देशभर संताप उसळला, तरी करार मोडला नाही. पंधरा वर्षांपूर्वी एवढ्यावर सर्वंकष युद्ध झाले असते.

२०१७ साली रमजानच्या तोंडावर दाएशशी निष्ठा सांगणाऱ्या टोळ्यांनी मारावी शहर काबीज केले. तेव्हा सरकार आणि फ्रंट या जुन्या वैऱ्यांनी मिळून ‘शांतता मार्ग’ उघडला आणि अडकलेल्या नागरिकांना बाहेर काढले, मदत आत पोहोचवली. एकमेकांना फोन करण्याची जी सवय युद्धविरामाने लावली होती, ती येथे कामी आली.

२०१९ च्या जनमत चाचणीनंतर बांगसामोरो स्वायत्त प्रदेश अस्तित्वात आला. आंतरराष्ट्रीय पथक २०२२ मध्ये काम आटोपून गेले. सगळे आलबेल झाले असे मात्र नाही. फ्रंटच्या ४०,००० लढवय्यांपैकी सुमारे २६,००० जणांनी हत्यारे ठेवली, बाकीचे अडून आहेत. प्रदेशाच्या पहिल्या निवडणुकीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. रिदो संपलेले नाही. पहारा आजही लागतो.

वाचकहो, आम्हाला या हकीकतीत मोठे वाटते ते शेतकरी, मास्तर, भाजी विकणाऱ्या बाया यांचे काम. खबर आली की आधी जाऊन पाहायचे, आपल्या माणसाची चूक असली तरी तीच लिहायची आणि परक्या धर्माच्या शेजाऱ्याचे जळालेले घरही त्याच वहीत मोजायचे. मोबाइलवर आलेला मजकूर न पाहता पुढे ढकलण्याच्या या काळात आपल्या मुलांना शिकवावे असे हे हुनर आहे. त्याला बंदूक लागत नाही, पदवीही लागत नाही. खरे बोलण्याची हिंमत तेवढी लागते, आणि ती घरातच शिकवावी लागते.