विश्लेषण : अरुंद गल्ल्यांत रेंजफाइंडरला कोणती वाइड लेन्स? स्वस्त आणि छोटी लेन्स निवडताना काय पाहावे?

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधील एखाद्या बाजारगल्लीत ५० मिमीची लेन्स लावून उभे राहिले, की पाठ मागच्या शटरला टेकते, तरी समोरचे दुकान चौकटीत मावत नाही. फिल्म कॅमेऱ्यांची ओढ पुन्हा वाढली आहे. लायकाने २०२२ मध्ये आपला ‘एम६’ पुन्हा बाजारात आणला, तर २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स १७’ हा नवा फिल्म कॅमेरा आणला. महागडा लायका परवडत नाही ते जुन्या फेड, झोर्की किंवा बेसाकडे वळतात. कॅमेरा मिळाला की प्रश्न उरतो वाइड लेन्सचा. इथे निवड चुकली, तर तुटपुंजे बजेट न बसणाऱ्या किंवा न वापरता येणाऱ्या काचेत अडकते.

रेंजफाइंडर वेगळा कसा?

एसएलआर कॅमेऱ्यात आरशामार्फत लेन्समधूनच दिसते. रेंजफाइंडरमध्ये वेगळ्या खिडकीतून पाहायचे असते. खिडकीच्या मध्यभागी एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की फोकस झाला. आरसा नसल्यामुळे लेन्सचा मागचा भाग फिल्मच्या बराच जवळ नेता येतो. म्हणूनच रेंजफाइंडरची वाइड लेन्स एसएलआरच्या लेन्सपेक्षा लहान आणि हलकी बनवता येते. वोइग्टलेंडरची ३५ मिमी एफ २.५ ‘कलर-स्कोपार’ जेमतेम १३४ ग्रॅमची आहे. गर्दीत ती फारशी कोणाच्या नजरेत भरत नाही, हाही फायदाच.

उल्हासनगरमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार का?

हे शहर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीवर, म्हणजे कल्याण कॅम्पवर उभे राहिले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४७ मध्ये कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत छायाचित्रे टिपली. त्यांची नेहमीची लेन्स ५० मिमीची होती आणि छावणीच्या मोकळ्या मैदानात तेवढी पुरते. उल्हासनगरात मात्र मैदान उरले नाही. बराकींच्या जागी मजल्यावर मजले चढले, पुढे दुकाने आली, गल्ल्या आक्रसल्या. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. उरल्यासुरल्या बराकी आणि जुनी दुकाने पाडली जाण्याआधी टिपायची, तर मागे सरकायला जागा नाही हे गृहीत धरूनच लेन्स घ्यावी लागते.

नेमकी किती मिमीची?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. फिल्मची चौकट ३६ मिमी रुंद असते. त्यामुळे १० फुटांवरून ५० मिमीच्या लेन्समध्ये सुमारे ७ फूट रुंदी मावते, ३५ मिमीमध्ये १० फूट, २८ मिमीमध्ये १३ फूट आणि २१ मिमीमध्ये १७ फूट. म्हणजे दहा फुटी गल्लीत पलीकडचे दहा फुटी दुकान ३५ मिमीमध्ये काठोकाठ बसते. २८ मिमीमध्ये शेजारचा जिना आणि पाटीही येते. २१ मिमीमध्ये सारेच मावते, पण कडेची माणसे ताणल्यासारखी दिसतात आणि कॅमेरा जरा वर झुकला तरी इमारती मागे कललेल्या भासतात. अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या वास्तूसाठी ती कामाची, रोजच्या वापरासाठी अवघड. एकच लेन्स घ्यायची तर ३५ किंवा २८ मिमी पुरे.

पैसे देण्याआधी कॅमेऱ्यात काय तपासावे?

पहिले, लेन्स निघते का? याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅनोनेट हे रेंजफाइंडरच आहेत, पण त्यांची लेन्स कॅमेऱ्याला कायमची जोडलेली असते. त्यांच्यासाठी वेगळी वाइड लेन्स घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरे, माउंट. जुने लायका, फेड, झोर्की, बेसा-आर यांना ३९ मिमीच्या आट्यांची लेन्स लागते. लायकाने १९५४ मध्ये एम३ सोबत ‘एम’ माउंट आणले. आट्यांची लेन्स साध्या कडीने (अॅडॉप्टरने) एम कॅमेऱ्यावर बसते. उलटे होत नाही. म्हणून पुढे कॅमेरा बदलण्याचा विचार असेल, तर आट्यांची लेन्स दोन्हीकडे चालते.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती खिडकीतील चौकट. रेंजफाइंडरच्या खिडकीत लेन्सनुसार चौकटीच्या रेषा असतात. फेड-२ मध्ये फक्त ५० मिमीपुरते दिसते. एम३ मध्येही ५० मिमीपेक्षा रुंद चौकट नाही. एम२ आणि बेसा-आरमध्ये ३५ मिमीची आहे, एम६ मध्ये २८ मिमीची. चौकट नसेल तर फ्लॅशच्या खाचेत बसणारा वेगळा व्ह्यूफाइंडर घ्यावा लागतो. फोकस एका खिडकीत, चौकट दुसरीत, आणि खर्च वेगळाच. स्वस्त लेन्स महाग पडते ती इथे.

परवडणारे पर्याय कोणते?

सर्वात जुना आणि सहसा स्वस्त पर्याय सोव्हिएत ‘ज्युपिटर-१२’ : ३५ मिमी, एफ २.८, झाइसच्या बायोगॉनवर आधारलेली. फेड, झोर्कीसाठी ती नैसर्गिक निवड. मात्र तिची मागची मोठी काच कॅमेऱ्यात खोलवर शिरते आणि काही बेसा मॉडेलमध्ये अडते. आपल्या कॅमेऱ्यावर हलकेच बसवून पाहिल्याशिवाय ती घेऊ नये. डिजिटल कॅमेऱ्यावर अशा लेन्सच्या कडांना रंगाची छटा येऊ शकते. फिल्मवर ही अडचण नसते.

नव्यांमध्ये टीटीआर्टिझनची २८ मिमी एफ ५.६ ही एम माउंटची चिनी लेन्स चिमुकली आहे, पण प्रकाश कमी घेते. आयएसओ ४०० ची फिल्म असेल, तर दिवसा सावलीच्या गल्लीत एफ ५.६ वर साधारण १/१२५ सेकंद मिळतो, त्यामुळे अडचण नाही. ट्यूबलाइटच्या दुकानात मात्र जिथे एफ २.८ ला १/३० सेकंद पुरतो, तिथे तिला १/८ लागतो आणि हात हलतो. ज्याला दुकानाच्या आतले कारागीर टिपायचे आहेत, त्याने ती घेऊ नये.

दोन्हींच्या मधला मार्ग वोइग्टलेंडरच्या कलर-स्कोपार मालिकेचा. जपानच्या कोसिना कंपनीच्या या लेन्स ज्युपिटरपेक्षा महाग, पण लायकाच्या तुलनेत बऱ्याच स्वस्त असतात. परदेशातून मागवताना आयात शुल्क, जीएसटी आणि कुरिअर धरूनच किमतीची तुलना करावी.

जुनी लेन्स घेताना कशी पारखावी?

कोकणपट्टीच्या दमट हवेत लेन्सचा मोठा शत्रू बुरशी. छिद्र पूर्ण उघडून लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी, दुधाळ थर दिसला तर धुके. थोडी धूळ चालते. मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्यापेक्षा जास्त नडतो. फोकसची कडी सर्वत्र सारखी फिरावी, छिद्राच्या पाकळ्यांवर तेल नसावे. घेतल्यावर पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. कातडी पाऊचमध्ये कोंडू नये.

गर्दीत फोकस करायला वेळ कुठे?

छोट्या वाइड लेन्सची खरी कमाई इथेच आहे. २८ मिमीच्या लेन्सवर एफ ८ ठेवून फोकस ३.३ मीटरवर लावला, तर साधारण १.७ मीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते. ३५ मिमीवर तेच करायला फोकस ५ मीटरवर लावावा लागतो आणि स्पष्टता सुमारे अडीच मीटरपासून सुरू होते. हातगाडी ओढणारा माणूस समोर येईपर्यंत दोन प्रतिमा जुळवत बसावे लागत नाही.

मग निवड काय?

फेड, झोर्कीवाल्यांनी चांगली ज्युपिटर-१२ आणि जोडीला ३५ मिमीचा व्ह्यूफाइंडर घ्यावा. बेसा-आर किंवा एम२ असेल, तर ३५ मिमी कलर-स्कोपार. खिडकीत २८ ची चौकट असलेल्यांनी आणि बहुतेक वेळ बाहेरच उजेडात फिरणाऱ्यांनी २८ मिमी. उरलेल्या पैशांत फिल्म घ्यावी. जुन्या बराकी लेन्सची वाट पाहत थांबणार नाहीत.