तीन हजारांचा दावा, पंधरा वर्षांची वाट

पेशंटला हॉस्पिटलमध्ये दाखल केलं की डॉक्टरांवर नेमकी कोणती जबाबदारी येते, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? त्याचं उत्तर पुण्यातल्या एका जुन्या दाव्यात आहे.

मे १९५३. कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. टॅक्सीने सुमारे २०० मैल प्रवास करून ९ मे रोजी आईने त्याला पुण्यात आणलं. दुपारी तो दाखल झाला, पायाला प्लास्टर घातलं आणि रात्री नऊला तो गेला. वडील स्वतः दौंडचे डॉक्टर. संध्याकाळी सातपर्यंत गुंगी उतरेल, या भरवशावर ते दौंडला परतले होते!

आई-वडिलांनी दावा लावला. मृत्यू रक्तात चरबीचे कण गेल्याने झाला, असं हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं म्हणणं. पण पूर्ण भूल न देता, जोर लावून हाड बसवल्याने मुलाला धक्का बसला, हे कोर्टाने मानलं आणि ३,००० रुपये भरपाई दिली. डॉक्टर अपिलात गेले. हायकोर्टाने ते फेटाळलं. मग सुप्रीम कोर्ट. २ मे १९६८ रोजी तिथेही अपील फेटाळलं गेलं.

केस घ्यायची का, कोणते उपचार करायचे आणि ते कसे करायचे, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने वाजवी काळजी घ्यायला हवी, असं त्या निकालात म्हटलंय. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हे त्या खटल्याचं नाव.