सूर्याची वीज स्वस्त की अणूची?

महिन्याच्या सुरुवातीला विजेचे बिल दारात पडते आणि घरोघरी तोच संवाद रंगतो. ''रिकाम्या खोलीत पंखा कोणी चालू ठेवला होता?'' ''गिझर बंद करायचे कोणालाच कसे आठवत नाही?'' आकडा पाहून कपाळाला आठ्या पडतात, मुलांना चार शब्द ऐकवले जातात आणि बिल कपाटात जाते. पण ही वीज तयार करायला मुळात किती खर्च आला, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

हा प्रश्न विचारायला हवा, कारण वीजकेंद्र एकदा उभे राहिले की त्याचा खर्च पुढची पंचवीस ते साठ वर्षे ग्राहकांच्या बिलातूनच वसूल होतो. आज देशाने चुकीचा सौदा केला तर त्याचे हप्ते आपली मुले आणि नातवंडे फेडणार आहेत. कोळशाचा धूर नको, हे आता सर्वांनाच पटले आहे. मग पर्याय कोणता? एक पक्ष म्हणतो, ऊन फुकट आहे, सूर्याचीच वीज घ्या. दुसरा म्हणतो, सूर्य संध्याकाळी मावळतो, अणूची भट्टी रात्रंदिवस चालते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच भावनेच्या आहारी न जाता हिशेबाची वही उघडून पाहणे बरे.

एकाच वर्षाची दोन स्वप्ने

योगायोग असा, की ही दोन्ही स्वप्ने जगाने १९५४ या एकाच वर्षी पाहिली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट जगापुढे ठेवला. त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्के उन्हाची वीज होत असे. जूनमध्ये सोव्हिएत रशियातील ओब्निन्स्क येथे अणुभट्टीची वीज प्रथमच तारांमधून वाहू लागली. आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी भाकीत केले, की पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर बसवण्याचीही गरज उरणार नाही. भारताचे अणुऊर्जा खातेही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्थापन झाले.

त्या काळी सौर घट म्हणजे उपग्रहावर बसवण्याची चैन होती. अणूवर मात्र साऱ्या जगाच्या आशा खिळल्या होत्या. ठाणे जिल्ह्यात (आता पालघर जिल्ह्यात) तारापूर येथे १९६९ मध्ये भारताचे पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या उभारणीचा खर्च लवकर फिटल्यामुळे तारापूरच्या या जुन्या भट्ट्यांची वीज पुढे कित्येक वर्षे देशातील सर्वांत स्वस्त विजेपैकी एक होती. स्ट्रॉस यांचे भाकीत खरे ठरले नाही, पण अणूची वीज स्वस्त असू शकते हे तारापूरने दाखवून दिले.

भाव कसा कोसळला

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मात्र पारडे फिरले. २०१० मध्ये भारताने राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले. त्या वर्षीच्या लिलावात सर्वांत कमी बोली होती युनिटला १० रुपये ९५ पैसे! इतकी महाग वीज घ्यायची कोणी, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तच होता. पण २०१७ मध्ये मध्य प्रदेशातील रीवा येथे पहिल्या वर्षासाठी २ रुपये ९७ पैशांचा भाव लागला. दिल्लीची मेट्रोही तेथील वीज घेते. त्याच वर्षी मे महिन्यात राजस्थानच्या वाळवंटातील भडला येथे भाव २ रुपये ४४ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तर तो १ रुपया ९९ पैसे झाला. त्यानंतर भाव थोडा वर सरकला आणि अडीच रुपयांच्या आसपास राहिला.

असे का घडले? सौर पॅनेल ही कारखान्यात तयार होणारी वस्तू आहे. जितकी जास्त बनवावी तितकी ती सुधारत आणि स्वस्त होत जाते, जसे ट्रान्झिस्टर रेडिओचे आणि घड्याळांचे झाले. अणुवीज केंद्र मात्र जागेवर, एकेक वीट रचून बांधावे लागते. प्रत्येक वेल्डिंगची तपासणी होते, प्रत्येक अपघातानंतर सुरक्षेचे नियम कडक होतात आणि खर्च वाढतो. तो वाढायलाच हवा, कारण येथे चुकीला क्षमा नाही.

तमिळनाडूतील कुडनकुलमचे उदाहरण बोलके आहे. तेथील पहिल्या दोन भट्ट्यांचा मूळ अंदाज १३,१७१ कोटी रुपयांचा होता. तो पुढे २२,४६२ कोटींवर गेला. २००२ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि दुसरी भट्टी व्यापारी तत्त्वावर चालू व्हायला २०१७ साल उजाडले. तेथील वीज युनिटला चार रुपयांच्या आसपास पडते.

मेगावॉटचा फसवा आकडा

एवढे वाचून कोणी म्हणेल, निकाल लागला, सूर्य जिंकला! पण थांबा. दिसते तसे नसते.

वर्तमानपत्रात 'अमुक मेगावॉटचा प्रकल्प' असे आपण वाचतो. मेगावॉट म्हणजे क्षमता, तयार होणारी वीज नव्हे. एका माणसाने रोज आठ तास काम केले आणि दुसऱ्याने दोनच तास, तर दोघांची ताकद सारखी असूनही काम सारखे होणार नाही. एक मेगावॉटची अणुभट्टी वर्षातील ८० टक्के वेळ पूर्ण शक्तीने चालली तर सुमारे ७० लाख युनिट वीज देते. एक मेगावॉटचे सौर केंद्र रात्र, ढग आणि पावसाळा जमेस धरता साधारण २० टक्केच काम करते, म्हणजे साडेसतरा लाख युनिट. थोडक्यात, अणूच्या एका मेगावॉटची बरोबरी करायला सूर्याचे चार मेगावॉट लागतात.

आता पैशांकडे वळू. २०१७ मध्ये केंद्र सरकारने प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दहा स्वदेशी अणुभट्ट्यांना मंजुरी दिली. अंदाजे खर्च होता १ लाख ५ हजार कोटी रुपये, म्हणजे मेगावॉटला १५ कोटी. सौर केंद्राला मेगावॉटमागे साधारण चार कोटी धरले तर चार मेगावॉटचे झाले १६ कोटी. म्हणजे दोन्ही पारडी जवळजवळ समान! शिवाय अणुभट्टी चाळीस ते साठ वर्षे चालते, तर पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास धरले जाते. मग लिलावात सूर्याची वीज एवढी स्वस्त कशी पडते?

उशिराचे व्याज

याचे उत्तर घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माहीत आहे. कर्ज काढून सदनिका घेतली, बिल्डरने दोन वर्षांत ताबा देतो म्हटले आणि दिला दहा वर्षांनी, तर काय होते? कर्जाचा हप्ताही भरायचा आणि भाड्याच्या घराचे भाडेही!

दहा टक्के चक्रवाढ व्याजाने १०० रुपयांचे दोन वर्षांनी १२१ रुपये होतात, दहा वर्षांनी २५९. सौर केंद्र साधारण दीड-दोन वर्षांत उभे राहते आणि लगेच कमाई सुरू करते. अणुभट्टीला बहुधा त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. गुजरातमधील काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचे पहिले काँक्रीट २०१० मध्ये ओतले गेले आणि ती व्यापारी तत्त्वावर सुरू झाली जून २०२३ मध्ये. तोवर गुंतलेल्या पैशावर व्याज चढतच राहते. अणुविजेत इंधनाचा खर्च थोडा असतो. खरा भार असतो तो उभारणीचा आणि व्याजाचा.

हा रोग केवळ भारतातला नाही. फिनलंडमधील ओल्किलुओटोची तिसरी भट्टी २००९ मध्ये सुरू व्हायची होती. ती नियमित वीज देऊ लागली २०२३ मध्ये. फ्रान्समधील फ्लामाँव्हिल येथे २००७ मध्ये काम सुरू झाले आणि वीज मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये. याच जातीच्या सहा भट्ट्या रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे उभारण्याची योजना होती आणि त्यांतील पहिल्या दोन भट्ट्यांचा करार २०१० मध्ये झाला होता. कोकणातील आंदोलनाचा मोठा गाजावाजा झाला, परंतु या भट्ट्यांच्या परदेशातील भावाची आणि विलंबाची चर्चा मात्र घराघरांत फारशी पोहोचली नाही.

अर्थात उशीर हा अणूच्या कपाळीच लिहिलेला आहे असेही नाही. तारापूरची चौथी भट्टी पहिल्या काँक्रीटपासून पाचच वर्षांत, मार्च २००५ मध्ये प्रज्वलित झाली होती. सराईत हात, ओळखीचा आराखडा आणि वेळेवर पैसा असेल तर काम लवकर होते, हाच त्याचा धडा.

दिवेलागणीचा प्रश्न

आता सूर्याच्या बाजूचा कच्चा दुवा पाहू. घरात विजेची खरी गरज कधी लागते? दिवेलागणीला! मुले अभ्यासाला बसतात, स्वयंपाकघरात मिक्सर फिरतो, दूरदर्शन संच सुरू होतो. नेमक्या त्याच वेळी सौर पॅनेल झोपी गेलेले असते. या बाबतीत अणूचा हात धरणारा कोणी नाही. कर्नाटकातील कैगा येथील २२० मेगावॉटची पहिली भट्टी २०१८ अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालली आणि तिने जागतिक विक्रम केला.

म्हणून सूर्याच्या भावात साठवणुकीचा खर्च मिळवलाच पाहिजे. एक मार्ग बॅटरीचा. डिसेंबर २०२४ च्या एका लिलावात, संध्याकाळी काही तास पुरेल एवढ्या बॅटरीसह सौर विजेचा भाव सुमारे साडेतीन रुपये निघाला. बॅटरी जोडूनही भाव कुडनकुलमच्या खालीच राहिला, ही मोठी गोष्ट आहे. पण रात्रभर पुरेल एवढी साठवण करायची, पावसाळ्यातील आठ-आठ दिवसांचे ढगाळ हवामान निभावून न्यायचे, तर खर्च बराच वाढतो. दुसरा मार्ग पाण्याचा. सह्याद्रीत घाटघर येथे २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे. फालतू वीज असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज घ्यायची. या व्यवहारात वीस-पंचवीस टक्के वीज खर्ची पडते, पण साठवण होते.

शेतकऱ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. रात्रीच्या विजेवर पंप चालवायला अंधारात, विंचू-सापांच्या वाटेने शेतात जाणे म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना विचारावे. त्याला दिवसाच वीज हवी. त्यासाठीच महाराष्ट्राने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. तेथे साठवणुकीचा प्रश्नच येत नाही. ऊन आहे तोवर पाणी पाजून घ्यायचे.

बिलावर न दिसणारा खर्च

काही खर्च बिलावर छापले जात नाहीत. आयुष्य संपलेली अणुभट्टी मोडीत काढण्यासाठी भारतात युनिटमागे २ पैसे बाजूला ठेवले जातात. किरणोत्सारी कचरा मात्र शेकडो, हजारो वर्षे सांभाळावा लागतो. अपघात क्वचितच होतो, पण झाला तर त्याचे मोल प्रचंड असते. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेचा एकूण खर्च जपान सरकारने २०१६ मध्ये २१.५ लाख कोटी येन धरला होता. एवढा विमा कोणतीही कंपनी उतरवू शकत नाही. तो भार अखेर जनतेवरच येतो.

सूर्याचेही छुपे खर्च आहेत. एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. भडला येथील २,२४५ मेगावॉटच्या केंद्राने सुमारे १४ हजार एकर व्यापले आहेत. वाळवंटात ते जमते, बागायती जमिनीत कसे जमणार? तेथून वीज वाहून आणणाऱ्या तारांचा खर्च निराळा. पॅनेलच्या कच्च्या मालासाठी चीनवर अवलंबून राहावे लागते आणि पंचवीस वर्षांनी त्या काचांचे ढीग कोठे ठेवायचे, हाही प्रश्न आहेच.

गच्चीवरचा सूर्य

एक फरक मात्र कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. अणुभट्टी कोणी आपल्या गच्चीवर बसवू शकत नाही, पॅनेल बसवू शकतो. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. तीन किलोवॉटचे झाले बारा युनिट, म्हणजे महिन्याला ३६०. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरवण्यात आले.

समजा, सगळा खर्च १ लाख ८० हजार आला. अनुदान वजा जाता घरचे १ लाख २ हजार. महिन्याला दोन हजारांचे बिल वाचले तर साधारण सव्वाचार वर्षांत रक्कम वसूल. पुढची वीस वर्षे ऊन फुकट! मात्र ज्यांचे बिलच चार-पाचशे रुपये येते, त्यांनी शेजाऱ्याने बसवले म्हणून घाई करू नये. गच्चीवर पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली पडते का, छत भक्कम आहे का, दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल त्याची तजवीज आहे का, हे आधी पाहावे. महिन्यातून दोन-चार वेळा काचांवरची धूळ पुसायची तयारीही हवी.

मग शहाणपण कशात?

हिशेबाची वही मिटताना एवढे स्पष्ट दिसते, की दिवसाच्या विजेत आज सूर्याशी कोणीच बरोबरी करू शकत नाही. संध्याकाळच्या विजेतही बॅटरीच्या जोरावर तो पुढे सरकतो आहे. अणूची खरी किंमत आहे ती रात्रीच्या आणि पावसाळ्याच्या खात्रीत, पण ती खात्री वेळेवर आणि ठरलेल्या खर्चात मिळाली तरच. भारताची सौर क्षमता २०२५ च्या सुरुवातीला एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. अणुक्षमता तेव्हा नऊ हजारांच्याही आत होती आणि २०४७ पर्यंत ती एक लाखावर नेण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले. तेव्हा प्रत्येक नव्या भट्टीबाबत नागरिकांनी दोनच प्रश्न नेटाने विचारावेत: किती वर्षांत, आणि किती रुपयांत?

राहिला घरातला प्रश्न. सूर्य असो वा अणू, सर्वांत स्वस्त युनिट कोणते, तर जे वापरलेच नाही ते! त्यासाठी लिलाव लागत नाही आणि अनुदानही. खोलीतून बाहेर पडताना बटणाकडे हात गेला की पुरे.