डोंगरी ते डेनिम : एका जाड्याभरड्या कापडाची कहाणी



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, शेतीच्या प्रश्नांवर बोलावे. पण विजारीच्या कापडावर तासभर काय बोलायचे? तथापि येडशीच्या स्टेशनापासून या मंडपापर्यंत येताना रस्त्यावरच्या माणसांचे कपडे सहज पाहिले, तर दर चार तरुणांत एकाच्या अंगावर तरी ती निळी जीन पँट दिसेल. ही परदेशी चीज आहे, असे आपण धरून चालतो. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु या कापडाच्या कुळकथेत एक नाव असे आहे की, जे रामलिंगाच्या डोंगराखाली राहणाऱ्या आपणांस तरी ओळखता आले पाहिजे. ते नाव म्हणजे 'डंगरी'.

कारखान्यातील कामगार अंगात जो निळा, जाड, सलग पोशाख घालतात त्याला आपण डंगरी म्हणतो आणि हा शब्द इंग्रजीतून आला असे समजतो. पण इंग्रजीने तो आपल्याकडूनच उचलला आहे. मुंबईत डोंगरी नावाची वस्ती आहे. तेथे एक टेकडी होती व टेकडीवर किल्ला होता. त्या जागी १७६९ मध्ये इंग्रजांनी फोर्ट जॉर्ज बांधला. या डोंगरीच्या परिसरात विकल्या जाणाऱ्या स्वस्त, जाड्याभरड्या सुती कापडाला तिचेच नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते. १६१३ च्या सुमारास लवंगांच्या बेटांत व्यापार करणाऱ्या इंग्रजांच्या टिपणांत, लवंगेच्या बदल्यात द्यायच्या हिंदी कापडांमध्ये या नावाशी जुळणारे एक कापड आढळते. १६७३ मध्ये फ्रायर या इंग्रज वैद्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची वैशिष्ट्ये सांगताना कारवारला मिऱ्यांबरोबर डंगरीचेही नाव जोडले. म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी हे कापड समुद्रपार प्रसिद्ध झालेले होते. त्याची शिडे होत, तंबू होत आणि खलाशांच्या विजारी होत.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. अभिमानाच्या भरात 'डेनिम आपलेच' असे म्हणून टाकणे बरोबर नाही. डंगरी व डेनिम ही दोन वेगळी कापडे आहेत. डेनिम हे नाव फ्रान्समधील नीम या शहरावरून आणि जीन हे नाव इटलीतील जिनोव्हा बंदरावरून आले, असा समज आहे. अमेरिकेत रेनो गावच्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने विजारीच्या खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या टिकल्या ठोकण्याची युक्ती काढली. सॅन फ्रान्सिस्कोचा कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस त्याला भागीदार मिळाला आणि २० मे १८७३ रोजी दोघांना पेटंट मिळाले. भांडवल व्यापाऱ्याचे होते, पण कल्पना शिंप्याची होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता दोन कापडांतील फरक कसा ओळखायचा? मागावर उभे सूत असते तो ताणा आणि आडवे सूत असते तो बाणा. साध्या विणीत बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून व एका धाग्याखालून जातो. डंगरी या साध्या विणीची. डेनिममध्ये ताण्याचा धागा बाण्याच्या दोन किंवा तीन धाग्यांवरून जातो व मग एकाखाली दडतो. हा क्रम प्रत्येक ओळीला एका घराने सरकतो, म्हणून कापडावर तिरप्या रेघा दिसतात. शिवाय डेनिमचा ताणा निळा व बाणा पांढरा असतो. घरी गेल्यावर मुलाच्या विजारीची मोहरी उलटून पाहा. बाहेरून निळी असलेली विजार आतून पांढरट दिसेल. तुम्हांला ताणा आणि बाणा वेगळे पाहता येतील.

आणि ती विजार विटते का? याचे उत्तर निळीच्या स्वभावात आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून जुने रंगारी रांजणात चुना, पापडखार, गूळ, तरोट्याचे बी असे पदार्थ घालून ती आंबवीत. आंबली की ती विरघळते आणि रांजणातील पाणी हिरवट पिवळे दिसू लागते. त्यात बुडवलेले सूत बाहेर काढले की तेही हिरवट असते. पण वारा लागताच पाहता पाहता निळे होते. हवेतील प्राणवायूने नीळ पुन्हा न विरघळणारी बनते आणि धाग्याला धरून बसते. मात्र ती धाग्याच्या गाभ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. वरचा थर घासून गेला की आतले पांढरे सूत दिसू लागते. गुडघ्यावर विटलेली विजार म्हणजे त्या माणसाच्या उठण्याबसण्याची नोंदच होय.

ही विद्या आपल्या मुलखाला परकी नव्हती. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत निराळी किंवा निळारी या नावाने निळीचे काम करणाऱ्या रंगाऱ्यांची नोंद आहे. कोष्टी आणि साळी मागावर बसत आणि निराळी सूत रंगवीत. मग हे मोडले कसे? गिरणीच्या सुताने व कापडाने हातमाग मागे हटवला, हे आपण जाणतोच. त्यात १८९७ या सालाने भर घातली. त्या वर्षी एका जर्मन कंपनीने रासायनिक नीळ बाजारात आणली आणि झाडाच्या निळीला उतरती कळा लागली. त्याच वर्षी आपल्या शेजारी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी १९११ मध्ये येडशीवरून लातूरपर्यंत पोहोचली. तिने येथला कापूस बाहेर नेला आणि बाहेरचे कापड आत आणणे सोपे केले. रेल्वेला दोष देण्याचे कारण नाही; तिच्यामुळे हा भाग जगाशी जोडला गेला. पण निळीचे रांजण हळूहळू कोरडे पडले आणि त्यांची कृती लिहून ठेवण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

माझे मुख्य म्हणणे येथे आहे. पैठणी आपण जपली, कारण ती पेटीत ठेवली जात होती. जाडेभरडे कापड पेटीत कोण ठेवतो? ते अंगावर फाटते, मग त्याची गोधडी होते आणि शेवटी पोतेरे. म्हणून श्रीमंतांच्या वस्त्राचा इतिहास सांगता येतो आणि कष्टकऱ्यांच्या वस्त्राचा इतिहास इंग्रज व्यापाऱ्यांच्या टिपणांतून शोधावा लागतो. ज्यांनी डंगरी विणली त्यांतील एकाचेही नाव आपण सांगू शकत नाही.

शिक्षणाची सोय मात्र अजिबात नाही असे नाही. मुंबईत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेने वस्त्रविद्या शिकवली. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला आणि पुढे तेथे वस्त्रविद्येचे महाविद्यालयही उभे राहिले. यवतमाळला डेनिमचा मोठा कारखाना झाला. आपल्या उदगीरला राष्ट्रध्वजाची खादी हातमागावर विणली जाते. १९९५ मध्ये अहमदाबादच्या अरविंद मिलने 'रफ अँड टफ' नावाने न शिवलेले डेनिम, चेन व टिकल्यांसह, पुडक्यात विकले, तेव्हा गावोगावच्या शिंप्यांनी ते शिवून दाखवले. म्हणजे हात अजून आहेत. उणीव आहे ती हातांची विद्या गोळा करून पुढच्या पिढीला देण्याची.

त्याला मोठ्या निधीची गरज नाही. घरातील जुन्या गोधड्या उसवून टाकण्यापूर्वी त्यांतील तुकडे पाहा. आजीच्या लुगड्याचे आणि आजोबांच्या बंडीचे कापड त्यांतच सापडेल. ज्यांच्या घरी माग होता अशा वृद्धांकडून धोटा, कांडी, फणी, पांजणी हे शब्द व त्यांमागची कृती वहीत उतरवून घ्या. शाळेत रसायनाच्या तासाला निळीचा एक रांजण लावा. हिरवे सूत वाऱ्यावर निळे होताना ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याला प्राणवायूचा धडा पुन्हा पाठ करावा लागणार नाही. आणि गावच्या शिंप्याला एक दिवस वर्गात बोलावून त्याच्याकडून दुहेरी शिवण शिकून घ्या.

डोंगरीचे कापड जगभर गेले आणि डंगरी होऊन परत आले. आपण मात्र त्याला ओळखले नाही. आता आपल्या अंगावर जे आहे ते तरी ओळखीचे होवो, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतो.